खोट्या नावाची झाडं

चावाकाली
४ ऑगस्ट २०११

जेरोतिच,

पाकिटामागचं नाव वाचून तू हे पत्र लगेच उघडणार नाहीस, दोन दिवस टेबलावर पडू देशील, हे मला ठाऊक आहे. तेवढा वेळ नाही. म्हणून टपालात न टाकता नाकुरूच्या सकाळच्या बसवाल्याकडे दिलं आणि त्याला बजावलं, की वृक्षोद्यानाच्या साहेबीणबाईंच्या हातातच द्यायचं आणि त्या उघडेपर्यंत हलायचं नाही. त्याला चहा पाज. फोन मुद्दामच केला नाही. तू फोनवर नुसतं ‘हं’ म्हणशील आणि मला हल्ली ‘हं’ ऐकू येत नाही.

फाटकावरच्या म्बुग्वाने कळवलं, की परदेशी झाडं फार पाणी पितात म्हणून काढायचा हुकूम निघालाय आणि आपल्या बागेत त्रेसष्ट झाडांवर लाल फुल्या पडल्यात. ‘आपल्या’ चुकून लिहिलं, सवय आहे. सोमवारी करवतवाले येणार म्हणे. यादी कशी केली असं विचारलं तर म्हणाला, कॉलेजची दोन पोरं आली, पाट्या वाचत गेली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम संपलं.

मान वर करून पानं कोणी पाहिली का? तू पाहिलीस?

त्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. सदतीस वर्षं मी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एकेक अक्षर ठशाने ठोकलंय आणि शेवटची सात वर्षं शेजारी बसून तू ते शिकलीस. तेव्हा माझ्याकडून ऐक. १८, ३३, ४१, ६६, १०२ आणि ११५. या सहा झाडांवर निलगिरी लिहिलंय. ती निलगिरी नाहीत. ती आपल्याच मातीतली आहेत.

आता तू म्हणशील, म्हातारा पुन्हा सुरू झाला. पाट्या चुकवल्या म्हणून घरी पाठवला, तर गावी केळीखाली बसून आणखी चुका आठवतोय. खुशाल म्हण. माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. १८ नंबरखाली जा, एक पान उचल आणि चाव. निलगिरी असेल तर तोंड गार पडेल. जीभ भाजली तर पाणी पी आणि यादीतून नंबर काढ. ४१ ची साल नखाने खरवडून नाकाशी धर. नाताळात रेल्वेच्या बंगल्यांतून कडू बदामाच्या केकचा वास यायचा, तो येतो का बघ.

हे असं कसं झालं ते विचारू नकोस. नजरचूक म्हण हवं तर. मला दिसत नाही, हे तर तू भर बैठकीत सांगितलेलंच आहेस.

एलाम मुदाकी

चावाकाली
१० ऑगस्ट

जेरोतिच,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, शब्द नाही, नुसती लाकडाची एक ढलपी. वास घेतला आणि कळलं. ४१.

मंगळवारी पडलं ना? माझं पत्र उघडल्यावरही तोवर टेबलावरच पडून होतं का, हे विचारणार नाही. विचारायला मला तोंड नाही. पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं तर तू रविवारीच धावली असतीस. मी नजरचूक लिहिलं, आणि नजरचुकीसाठी कोण धावतं?

बाकीच्या पाचांवरची फुली पुसलीस आणि १८ चं पान चावून डोळ्यांतून पाणी काढलंस, हे म्बुग्वाने सांगितलं. त्याने तुला खोकताना पाहिलं आणि तो पोट धरून हसला. मीही हसलो. फार दिवसांनी.

आता खरं लिहितो. ती नजरचूक नव्हती. मी दहा झाडांची नावं मुद्दाम बदलली.

तुला आठवत असेल, तू आलीस तेव्हा मी विचारलं होतं, ही बाग कुणासाठी लावली? तू म्हणालीस, लोकांच्या सावलीसाठी. इंजिनासाठी, पोरी. रेल्वेचं इंजिन लाकूड खायचं. कुठलं लाकूड लवकर वाढतं आणि छान जळतं हे पाहायला साहेबांनी जगभरातून झाडं आणून रांगेत उभी केली आणि नंबर दिले. मग डिझेल आलं. झाडांची नोकरी गेली, पण त्यांना कुणी घरी पाठवलं नाही. आपली देशी झाडं तर नंतर आली, कोपऱ्याकोपऱ्यात, पाहुण्यांच्या घरात घरधनी अंग चोरून बसावा तशी.

आणि मग सालीचा धंदा आला. तिखटसालीची, म्हणजे १८ ची, साल खोकल्यावर. म्विरित्साची, म्हणजे ४१ ची, साल म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या दुखण्यावर, ती तर जहाजांतून परदेशी जायला लागली. तुमच्याकडच्या आणि आमच्याकडच्या वैद्यबायका पूर्वीपासून साल काढतात, पण त्या उगवतीकडची एक पट्टी काढतात, एक मावळतीकडची, आणि जखमेवर शेण लिंपून घरी जातात. झाड जगतं. व्यापाऱ्यांची माणसं बुंधा गोल सोलतात. गळ्याभोवती फास बसावा तसं झाड वर्षभरात मरतं.

पण एक गंमत माझ्या लक्षात आली. खरा वैद्य पाटी वाचत नाही. तो पान चुरगाळतो, वास घेतो, झाडाशी दोन शब्द बोलतो. पाटी वाचतो तो चोर. त्याला व्यापाऱ्याने एका कागदावर नाव लिहून दिलेलं असतं आणि तो आमच्या पाट्यांवर ते शोधत फिरतो. सगळ्या बागेत मीच त्याचा वाटाड्या होतो.

म्हणून दहा झाडांना मी बागेतली सगळ्यात बिनकामाची नावं दिली. निलगिरीची साल कोण चोरणार? नोंदवहीतही तीच लिहिली, कारण ऑफिसातून कुणीतरी यादी बाहेर देत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वीस वर्षं खोट्या नावाच्या एकाही झाडाला कोयता लागला नाही. आणि आता तीच बिनकामाची नावं त्यांच्या जिवावर उठली आहेत, आणि चोराऐवजी सरकारी करवत पाटी वाचत येते आहे.

एक गोष्ट लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. ५८, ७७, ९०. आठवतात? २००६ साली तू ज्या तीन पाट्या चुकीच्या ठरवल्यास, मोठ्या साहेबांपुढे मांडल्यास आणि खऱ्या नावाच्या नव्या ठोकल्यास. नोंदवहीत माझ्या अक्षरावर पांढरा रंग फासलास. ज्याचं अक्षर त्यानेच खोडायचं, एका रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवला होता. मी त्याचाच राग धरून बसलोय असं तुला वाटत असेल. जा आणि त्या तीन जागी आज काय उभं आहे ते बघ.

तू चुकलीस असं नाही. तुझी पाटी खरी होती. तुला सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. यादी विकणाराही त्या बैठकीत बसला होता, म्हणून मी टोपी उचलली आणि निघालो.

एलाम मुदाकी

चावाकाली
१३ ऑगस्ट

जेरोतिच,

पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, मुंग्यांची रांग. आणि मजकूर एका ओळीचा: ‘मुदाकीबाबा, तीन आणि सहा नऊ होतात. दहावं कुठलं?’

शाळेत मास्तरांनी तुला गणिताचं बक्षीस दिलं होतं, ते तू मला तीनदा सांगितलं होतंस. तेव्हा कंटाळा आला होता. आता त्या मास्तरांचा राग येतो.

मोजायला चुकलो म्हणणार होतो. तसं लिहिलंही होतं, मग कागद चुलीत घातला. दहावं आहे. उभं आहे. पण त्याचा नंबर लिहायला घेतला की हात दुसरंच काही लिहितो. सकाळी लिहायला बसलो आणि शेजारणीचा म्हशीला लाजवेल असा बैल रताळ्यात घुसला, तर मला बरंच वाटलं. तासभर त्याच्यामागे धावलो. सत्तरीच्या माणसाने पत्र टाळायला बैल हाकावा, यावरून समज.

तुला कुतूहल फार, म्हणून तुला शिकायला ठेवून घेतलं होतं. बाकीचे उमेदवार झाडांची नावं घडाघडा म्हणत होते. तू विचारलंस, पाटीचा खिळा पुरता का ठोकत नाही, मागे स्प्रिंग कशाला? मी म्हटलं, झाड जाड होतं, खिळा पुरता ठोकला तर पाटी गिळतं. तू म्हणालीस, मग गिळलेल्या पाट्या किती असतील? चार दिवस तू बुंधे ठोकत फिरत होतीस. तीच तू, खुर्ची मिळाल्यावर पोरांनी आणलेल्या यादीवर सही करतेस. राग येतो तो याचा. पण वहीत खोटं लिहिणाऱ्याने सही करणाऱ्याला काय बोलावं?

तर एक काम कर. नोंदवहीत १२ नंबरचं पान काढ. म्विरित्सा. लावलं १९३४, मेलं १९८९. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात ‘वाळवी’ लिहिलंय. ते तू शंभर वेळा वाचलं असशील. मला सांग, वाळवी जिवंत, धडधाकट झाड खाते का?

याचं उत्तर तुला मिळालं, तर मला पुढचं लिहावंच लागेल.

एलाम मुदाकी

चावाकाली
१६ ऑगस्ट

जेरोतिच पोरी,

तुझं उत्तर काल संध्याकाळी बसवाल्याने दिलं: ‘वाळवी मेलेलंच लाकूड खाते. बाराला कुणी मारलं? आणि गुरुवारी करवत वॅटलच्या पट्ट्यात जाणार आहे. दहावं तिथे असेल तर आज सांगा.’

तिथेच आहे. १३१. पाटीवर काळी वॅटल, ती परदेशी बाभूळ, लिहिलंय. साल काळपट, चिरलेली, म्हणून खपून गेलं. वर बघ, वॅटलचा पिसारा नाही, सरळ चकचकीत पानं आहेत. ते म्विरित्सा आहे. ते पाडू नकोस. बाकी सगळी पाडलीस तरी मी तक्रार करणार नाही, पण तेवढं पाडू नकोस.

बाराला मी मारलं.

माझी बायको रासोआ. तू तिला पाहिलं नाहीस, तू यायच्या दहा-अकरा वर्षं आधी ती गेली. पोटात गाठ होती. मोठ्या दवाखान्यातून तिला घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्ही दोघं समजलो. ती म्हणाली, माझी आजी म्विरित्साची साल उकळून द्यायची. आधी वैद्यबाईंकडून आणली, उगवतीची एक पट्टी, रीतसर. ती प्यायली आणि त्या दिवशी उठून बसली. मक्याच्या पिठाची उगली मागितली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला टोमणा मारला. नुसतं बसली, जेरोतिच. पण मी शहाणपण गमावलं. मला वाटलं, थोड्याने बसली तर पुष्कळाने चालेल.

बागेच्या चाव्या माझ्याकडेच होत्या. सकाळी फाटक उघडायच्या आधी गेलो आणि बाराची साल काढली. एक पट्टी, मग दुसरी. मग थांबता येईना. जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत, गोल. साल निघताना ओल्या कापडासारखा आवाज येतो. मी सदतीस वर्षं झाडं सांभाळली असं सगळे म्हणतात, आणि हे मी केलं. मला चांगलं माहीत होतं काय होणार ते. माहीत असून केलं.

रासोआ सात आठवड्यांनी गेली. झाडाला वर्ष लागलं. मरायच्या आधी ते असं फळलं, की फांद्या वाकल्या. मरणारं झाड फळतं, हे तुला शिकवलं, पण कुठे पाहिलं ते सांगितलं नाही. फळं गोळा करून तुपाच्या रिकाम्या डब्यांत बी लावलं. ते बी फार टिकत नाही. चाळीस डब्यांत एक उगवलं. ते वॅटलच्या पट्ट्यात मधोमध लावलं, खोटं नाव दिलं, आणि मग बाकीच्या नऊंनाही दिलं. चोरांपासून वाचवायला, हे तुला लिहिलं ते खरं आहे. पण पहिला चोर मी होतो. पाटी न वाचता आलेला.

बैठकीत मी गप्प का राहिलो, याचं मागे जे कारण लिहिलं ते अर्धं होतं. एका खोट्या पाटीचा खुलासा केला असता तर धागा बारापर्यंत गेला असता. मला आंधळा म्हणवून घेणं सोपं वाटलं.

तू पुरावा मागशील. माझ्याकडे नाही. नाक आहे तुझ्याकडे.

मुदाकी

चावाकाली
२८ ऑगस्ट

जेरोतिच पोरी,

सुखरूप पोचलो. बस एल्डामा रॅव्हाइनला दोन तास बंद पडली. तू दिलेला भाजलेला मका सगळ्यांत वाटला, त्यामुळे मी एकदम गावचा पुढारी झालो.

तुझी चिठ्ठी आली होती, ‘१३१ उभं आहे. नोंद तुमच्या अक्षरात आहे, मी खोडू शकत नाही. नियम तुमचाच. येऊन खोडा.’ ती वाचून आधी चिडलो. पुन्हा त्या फाटकातून जायचं नाही अशी मी शपथ घेतली होती. शेजारीण म्हणाली, शपथ घ्यायला आपल्या चर्चमध्ये बंदी आहे, तेव्हा ती मोडायला हरकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सहा तासांच्या बसमध्ये बराच गेला.

तू फाटकावर आली नाहीस, बरं केलंस. आपल्या दोघांनाही गळ्यात पडता येत नाही. टेबलावर वही, पेन, चहाचा थर्मास. ‘रोपवाटिकेतलं पाणी बघून येते,’ म्हणालीस आणि तास दीड तास आलीच नाहीस. एवढं पाणी नाकुरूच्या तळ्यातही नाही.

मी ओळीने खोडायला घेतलं. एक रेघ, खाली खरं नाव, बाजूला सही. १८, ३३. ४१ पाशी थांबलो, तिथे खरं नाव लिहून पुढे ‘पाडलं’ असं तूच लिहून ठेवलं होतंस. पुढे जाताना ५८ चं पान लागलं. तिथे पांढरा रंग नव्हता. तू तो पात्याने खरवडून काढला आहेस, माझं खोटं अक्षर पुन्हा वर आणलं आहेस, आणि कारणाच्या रकान्यात मुंग्यांच्या रांगेने लिहिलं आहेस: ‘साल सोलून मृत. कारण: खरी पाटी. लावणारी: जेरोतिच.’ ७७ लाही तेच. ९० लाही तेच.

तू मला ते सांगितलं नाहीस. चहा ओतताना नाही, बाहेर पडताना नाही. मी पाहावं म्हणून पेन ठेवलं होतंस की आधीच लिहून मोकळी झाली होतीस, हे मी विचारणार नाही. मी फक्त त्या वहीवर डोकं ठेवून थोडा वेळ बसलो. शाई पसरली असेल तर ते त्यामुळे.

मग मी १२ चं पान उघडलं. ते तू मला उघडून दिलं नव्हतंस, हेही लक्षात आलं. ‘वाळवी’वर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं. तिथे काय लिहिलंय ते तू अजून पाहिलं नसशील तर पाहा: ‘साल सोलून मृत. सोलणारा: एलाम मुदाकी.’ बावीस वर्षं मी एका किड्यावर आळ घेतला होता. त्याचीही माफी मागायला हवी, पण पाऊस पडून गेला की आम्ही त्यालाच भाजून खातो, तेव्हा राहू दे.

१३१ पाशी आपण उभे होतो तेव्हा तू बुंध्याला हात लावून विचारलंस, ‘वही खरी, पाटी खोटी. असंच ठेवायचं ना, बाबा?’ मी नुसतं ‘हं’ म्हटलं. आता लिहून देतो: असंच ठेव. वही तुझ्या लोखंडी कपाटात आणि किल्ली तुझ्या गळ्यात. आपल्यानंतर कुणाला सांगायचं ते तू ठरव. नावं घडाघडा म्हणणारा निवडू नकोस.

आणि एक. निघताना नीट पाहिलं, १३१ चा खिळा आत जायला लागलाय, पाटीची एक कड सालीने धरली आहे. या आठवड्यात दोन बोटं बाहेर ओढ आणि स्प्रिंग बदल. झाड अजून जाड होतंय.

तुझा
मुदाकीबाबा